आधी काय कराल, सिस्टर?

नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आधी पेशंट निवडले जातात, मुली नंतर आत येतात. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, कॉलेजची ट्यूटर आणि बाहेरून आलेली परीक्षक अशा तिघी सकाळीच एक फेरी मारतात. कुणाच्या नाकात नळी आहे, कुणाचं ड्रेसिंग आज बदलायचं आहे, कुणाला इन्सुलिन चालू आहे, ते पाहतात. फार आजारी माणसाला परीक्षेच्या कामाला लावायचं नाही आणि ज्याला लावायचं त्याची परवानगी घ्यायची, हे दोन नियम. नाही म्हणणारे पेशंट मला फार थोडे भेटले. उलट परीक्षा आहे म्हटल्यावर बायका खाटेवर उठून बसतात, केस नीट करतात, पदर सारखा करतात.

आणि मग त्या सरळ मुलींच्या बाजूला जातात. कुकुडवाडकडच्या एक आजी होत्या, साखरेच्या जुन्या पेशंट. परीक्षेतल्या मुलीने हात धुतले, नाव विचारलं, बाटली तपासली, इन्सुलिन बरोबर भरलं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. सुई टोचायला वाकली तेवढ्यात आजी म्हणाल्या, "पोरी, माझी न्याहारी आली न्हाई अजून. सुई आधी टोचतीस व्हय?" मुलगी थांबली. सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली, किचनमध्ये निरोप धाडला, बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली आणि न्याहारी वॉर्डात आल्यावरच इंजेक्शन दिलं. बाहेर आल्यावर आम्हा परीक्षकांत वाद झाला. एकीचं म्हणणं, पेशंटने आठवण करून दिली, म्हणजे मुलीला येत नव्हतं, गुण कापा. दुसरीने कापू दिले नाहीत. तिचं म्हणणं मला आजही पटतं: पेशंट बोलला आणि हात थांबला, हेच तीन वर्षं घसा फोडून शिकवायचं असतं. साधं इन्सुलिन साधारण अर्धा तास आधी देतात खरं, पण जेवण येणार याची खात्री असेल तरच. जेवण लांबलं, तर साखर उतरून तोच पेशंट घामाने डबडबतो, थरथरतो, बेशुद्धही होतो.

मी मूळची म्हसवडची. नोकरी सातारा-सांगलीकडच्या वॉर्डांत आणि नर्सिंगच्या वर्गांत झाली, आता निवृत्तीनंतर गावी घरच्या पुढच्या खोलीत मुलींची तयारी करून घेते. देवापूर, पळशी, विरळी, शिरताव, आटपाडी, कुठून कुठून येतात. कुणी एएनएमची, कुणी जीएनएमची, कुणी बीएस्सी करून आता परदेशच्या परीक्षेच्या मागे लागलेली. एखादा ब्रदरही असतो. त्यांच्या पुस्तकांत उत्तरं भरपूर असतात. अडतं ते क्रमाशी. पेपरमध्ये, तोंडी परीक्षेत आणि परदेशच्या संगणकावर, सगळीकडे घोळून घोळून एकच गोष्ट विचारतात: प्रथम काय कराल? चारही पर्याय बरोबर असतात, चारही कामं करायचीच असतात. त्यातलं आधीचं कोणतं, एवढंच सांगायचं असतं. माझ्या मते नर्सचं सगळं ज्ञान त्या 'आधी'मध्ये आहे.

परीक्षकांची एक युक्ती आता सांगायला हरकत नाही. मांडून ठेवलेल्या ट्रेमधून आम्ही एखादी वस्तू मुद्दाम काढून घेतो. कधी कापसाचे बोळे, कधी किडनी ट्रे, कधी सुया टाकायचा पांढरा डबा. मुलीला सांगायचं नाही, नुसतं पाहायचं. काही मुली पेशंटजवळ जाण्याआधी ट्रेवरून एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, "मॅडम, यात डबा नाही." त्यांचा अर्धा पेपर तिथेच सुटला. काही जणी इंजेक्शन देऊन मोकळ्या होतात आणि उघडी सुई हातात धरून इकडेतिकडे पाहत राहतात. अशा वेळी हात टोपण शोधायला जातो, आणि बोटाला सुई लागण्याचे कितीतरी प्रकार असेच होतात. एखादी वस्तू गायब करणं हा दुष्टपणा वाटेल. पण खऱ्या वॉर्डात रात्री अडीच वाजता नेमकी तीच वस्तू नसते.

आपल्याकडे परवान्याची म्हणून वेगळी परीक्षा नाही. कोर्सची शेवटची परीक्षा पास झालात की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, नोंदणी क्रमांक आला की तुम्ही नर्स. मुंबई इलाख्यात नर्स, दायांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली आला, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा १९४७ साली, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६६ साली. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा कायदा संमत झाला. शिक्षण मात्र कायद्यांच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उघडलं आणि तिथे शतक संपायच्या आतच नर्सेस तयार करायला सुरुवात झाली. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने, १९०९ साली निघालेल्या त्या संस्थेने, घरंदाज घरांतल्या मुली आणि विधवा ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवल्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, कुणाचंही मलमूत्र काढायचं, हे त्या काळी घरच्यांना सांगणं केवढं कठीण गेलं असेल! आजही माझ्याकडे येणाऱ्या एखादीचे आजोबा विचारतात, "दुसरं काय शिकायला नव्हतं का?" मी त्यांना शांतपणे उत्तर देते, कारण त्यांच्या पायाची जखम रोज तीच नात धुते.

परवान्याची आमच्या म्हसवडची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा अर्ज फेटाळला. सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय तो जमतो का ते बघा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सही यायलाच हवी होती आणि त्यांनी ती शिकून घेतली, हेही मी आवर्जून सांगते. हिशेब डोक्यात असणं आणि कागदावर उतरवता येणं, दोन्ही लागतं. माझ्या मुलींपैकी कितीतरी जणी वॉर्डात उत्तम हात चालवतात आणि पेपरमध्ये कोऱ्या पडतात. एकीला सलाइनचे थेंब काढता येईनात. पाचशे मिली चार तासांत द्यायचंय, सेट वीस थेंबांचा. मी म्हटलं, रात्रपाळीला तू काय करतेस? "बाटलीला पट्टी लावते, तासाला सव्वाशे." मग दोनशे चाळीस मिनिटांत दहा हजार थेंब, भाग लाव. बेचाळीस. तेव्हापासून ती चुकली नाही. सेटच्या पाकिटावर एका मिलीचे थेंब किती ते छापलेलं असतं. वीसही असतात, पंधराही असतात, बारीक सेटला साठ. ते न वाचता आकडेमोड करणारी मुलगी मी पुढे जाऊ देत नाही.

माणदेशात सर्पदंशाचा प्रश्न सुटत नाही, परीक्षेतही आणि बाहेरही. मुरमाड रान, दगडांच्या ताली, त्यात फुरसं. विहिरीकडे आणि पिकात घोणस. घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला मण्यार, जिचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. साप कोणता ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. विषाने रक्ताचं गोठणं बिघडवलंय का हे ओळखायची एक परीक्षा मात्र कुठल्याही छोट्या दवाखान्यात होते. कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. गोठलं तर निदान रक्त तरी ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर रक्त गोठवणारे घटक विषाने खाल्लेत.

ही कृती सगळ्यांना पाठ असते. काचेचीच नळी का, कोरीच का, हे विचारलं की मात्र शांतता. माझ्या एका मैत्रिणीने सांगितलेला किस्सा आहे. एका दवाखान्यात रात्री एक शेतकरी आला, अंधारात पायाला काहीतरी चावलं म्हणून. सूज नाही, रक्तस्राव नाही, डोळे-बिळे ठीक. नळीत रक्त घेतलं. वीस मिनिटांनी पाहिलं तर वाहतंय. पळापळ सुरू झाली. तिथे एक नवी मुलगी होती, नुकती पास झालेली. तिने त्याच स्टँडमधली दुसरी नळी घेतली, आपल्याच हातातून रक्त काढायला लावलं आणि नळीत भरून घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी तिचंही रक्त वाहिलं! मावशींनी दोन दिवसांपूर्वी सगळ्या नळ्या साबणाच्या पावडरने लख्ख धुऊन ठेवल्या होत्या. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठायला सुरुवात करून देतो. साबणाचा अंश राहिला की ते काम होत नाही, प्लॅस्टिकच्या नळीतही होत नाही. मग बंद पाकिटातली कोरी नळी काढली, शेतकऱ्याचं रक्त पुन्हा घेतलं, ते गोठलं. त्याला निरीक्षणाखाली ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. लस फुकट टोचली असती तर एवढं काय बिघडलं असतं, असं कुणी म्हणेल. ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिची जबरदस्त रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणूनच सापाची लस सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं, हेही 'आधी'च्या यादीतलं. त्या मुलीने मावशींना एका शब्दाने दुखावलं नाही, याचं माझ्या मैत्रिणीला जास्त कौतुक. नळ्यांच्या स्टँडवर तिने चिठ्ठी चिकटवली: धुवू नयेत.

याच धड्यातला तोंडी परीक्षेचा लाडका प्रश्न म्हणजे, चार वर्षांच्या पोराला लस किती द्याल? औषध वजनावर द्यायचं, हे मुलींच्या हाडीमाशी भिनलेलं असतं, त्यामुळे निम्म्या जणी डोस कमी करून सांगतात. पण साप माणूस पाहून विष कमी सोडत नाही. लस विषाला द्यायची असते, अंगाला नाही. म्हणून मोठ्या माणसाला सुरुवातीला दहा कुप्या, तर पोरालाही दहाच. एका मुलीने हे मला फार सुंदर सांगितलं होतं. तिच्या वाड्यावर मेंढराच्या कोकराला आणि थोरल्या मेंढीला एकाच रात्री साप चावला होता. "कोकरू आधी मेलं मॅडम. ईख तेवढंच, अंग बारकं." पुढचं तिला समजवावं लागलं नाही.

दुष्काळातल्या छावणीचा एक छोटा किस्सा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली, तेव्हा जनावरांबरोबर घरंच्या घरं तिथे राहायला आली होती. पुढे तिथे राहिलेली एक मुलगी परीक्षेला बसली. तिला ओआरएसचं विचारलं. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं, हे तिने सांगितलं. परीक्षकांनी अडवलं, खेड्यात लिटर कसा मोजाल? पुस्तकातलं उत्तर मापाचं भांडं. ती म्हणाली, पाण्याची लिटरची रिकामी बाटली, छावणीत आम्ही तीच घ्यायचो. शिवाय तिने स्वतःहून जोडलं, की बाया पाकीट पुरवून पुरवून वापरतात, चिमूटभर ग्लासात टाकतात, म्हणून मी पाकीट माझ्यासमोरच फोडायला लावीन. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, जास्त पडलं तर उपयोग होत नाही. परीक्षक बाई मुंबईच्या होत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आता मॅगसल्फचा, म्हणजे गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या मॅग्नेशिअम सल्फेटचा किस्सा, कारण म्हसवडच्या वर्गात मी सर्वात जास्त वेळ त्याला देते. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली, पण पहिलं बाळंतपण माहेरी. अशीच एक पोर आठव्या महिन्यात लांबून प्रवास करून आली. दोन दिवस डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे येतात म्हणत होती, घरच्यांना वाटलं प्रवासाचा शीण. तिला उपकेंद्रात आणलं तेव्हा दारातच झटका आला. कुणी चप्पल हुंगायला धरली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. तिथे एएनएम एकटी. तिने आधी काय केलं? औषधाच्या कपाटाकडे ती गेली नाही. चमचा काढून घेतला, पोरीला डाव्या कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसून श्वास मोकळा केला, एकीला १०८ ला फोन लावायला सांगितलं, दुसरीला पोरगी खाटेवरून पडणार नाही असं धरायला लावलं. हे सगळं झाल्यावर ट्रे ओढला.

पन्नास टक्क्यांचं मॅगसल्फ दोन मिलीच्या काचेच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये येतं, एकीत एक ग्रॅम. पाठवण्याआधीचा पहिला डोस दहा ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात पाच-पाच, खोल स्नायूत. म्हणजे दहा अ‍ॅम्प्यूल फोडायच्या. पेपरमध्ये ते एका ओळीत लिहून होतं. झटका आलेली बाई समोर, नातेवाइकांचा आरडाओरडा, आणि दहा वेळा काच फोडायची. सहाव्या-सातव्या अ‍ॅम्प्यूलला बोट कापतंच. म्हणून मी वर्गात रिकाम्या नव्हे, पाण्याने भरलेल्या अ‍ॅम्प्यूल फोडायला लावते, गॉजचा तुकडा धरून, घड्याळ लावून. पहिल्यांदा सगळ्या हसतात. तिसऱ्या अ‍ॅम्प्यूलपासून कुणी हसत नाही.

त्या एएनएमचं मोठेपण मला पुढच्या गोष्टीत दिसतं. तिने रेफरल चिठ्ठीवर ठळक लिहिलं: मॅगसल्फ दहा ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत, वेळ अमुक. आणि तेच पेनाने पोरीच्या मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावरही लिहिलं. चिठ्ठी आईच्या हातातून हरवली, ती हरवतेच. मोठ्या दवाखान्यातल्या सिस्टरने मनगट पाहिलं, म्हणून पूर्ण पहिला डोस परत दिला गेला नाही. पुढचा डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी पाहायच्या असतात. गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली तर नाही, लघवी तासाला किमान तीस मिली होतेय का. यातलं काही चुकलं तर थांबायचं. मॅग्नेशिअम साठलं की आधी गुडघा गप्प होतो, मग श्वास. उतारा म्हणून कॅल्शिअम ग्लुकोनेट जवळ हवं. आई आणि बाळ दोघं वाचली. एएनएमने ते मला फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, "मॅडम, चिकटपट्टी लावलेली चालते ना?"

परदेशच्या परीक्षेकडे हल्ली ओढा फार. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरीही जर्मन शब्दांच्या वह्या घेऊन फिरतात. अमेरिकेसाठी एनक्लेक्स. त्याची तयारी करताना एक मोठी अडचण येते. त्यांच्या पुस्तकातलं जग आणि आपला वॉर्ड जुळत नाहीत. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक चाळीस युनिटच्या, सिरिंज लाल टोपणाची. तिकडे एका मिलीत शंभर युनिट, सिरिंज नारिंगी टोपणाची. आता आपल्याकडेही पेनमध्ये आणि काही कुप्यांत शंभरचं मिळतं. शंभरच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने वीस युनिटच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात पन्नास जातात. उलटं झालं तर वीसच्या ऐवजी आठ. तिकडच्या पेपरात हा प्रश्न येणार नाही, हे ठाऊक असूनही मी तो शिकवते, कारण परीक्षा पास होईपर्यंत ती मुलगी अकलूजच्या नाहीतर सांगलीच्या वॉर्डातच रात्रपाळी करत असते.

दुसरा फरक कातडीचा. दाबाने होणाऱ्या जखमेची पहिली पायरी म्हणजे बोटाने दाबूनही न जाणारी लाली, असं पुस्तक सांगतं, आणि बरेचसे फोटो गोऱ्या पाठीचे. आमच्या सावळ्या पाठीवर ती लाली दिसत नाही. तिथे हाताने बघावं लागतं. आजूबाजूपेक्षा गरम आहे का, टणक लागतंय का, दुखतंय का. आणि अशी जागा चोळायची नाही. हे शिकवताना मी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही. त्यांचीच सहकारी अरुणा शानबाग १९७३ साली हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली ती २०१५ पर्यंत. बेचाळीस वर्षं, नर्सेसच्या कितीतरी पिढ्या बदलल्या, आणि त्यांनी तिला बेडसोअर होऊ दिला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात त्या नर्सेसच्या सेवेची वाखाणणी केली. आपल्या पेपरात 'दर दोन तासांनी कूस बदलणे' एवढ्याला एक गुण असतो. त्या एका गुणाची बेचाळीस वर्षं करून पाहावीत, म्हणजे नर्सिंग म्हणजे काय ते कळतं. मला त्या बायकांचा फार अभिमान वाटतो.

एनक्लेक्सचा संगणक प्रत्येकीला वेगळे प्रश्न देतो. बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुम्ही पास की नापास याची ९५ टक्के खात्री पटली की यंत्र आपोआप थांबतं. आटपाडीकडची एक मुलगी मुंबईच्या केंद्रावर बसली होती. ८५ व्या प्रश्नानंतर पडदा बंद. तिला वाटलं, इतकं वाईट गेलं की यंत्रालाही पुढचं बघवेना. रडतच तिने एस.टी. पकडली आणि रात्रभर फोन बंद ठेवला. निकाल पासचा आला. आता मी मुलींना आधीच सांगून ठेवते, ८५ ला थांबलं तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं, पण शेवटचे प्रश्न फार अवघड वाटत होते का, ते आठवा. अवघड वाटत असतील तर वडापाव खा आणि घरी या.

गेल्या खेपेला, गावच्या सिद्धनाथाच्या रथाच्या आदल्या दिवशी, बाहेर गर्दी आणि हलगी चालू असताना माझ्या खोलीत एक प्रश्न चालू होता. चार पेशंट आहेत. ऑपरेशनला दुसरा दिवस, दहापैकी सहा दुखतंय. मधुमेही, साखर २५०. फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, सीओपीडीचे बाबा, ऑक्सिजन ९० टक्के. आणि काल थायरॉइडचं ऑपरेशन झालेली बाई, जी म्हणते, ओठांभोवती मुंग्या येतात. आधी कुणाकडे जाल? तिघींनी बाबा निवडले. ऑक्सिजन सगळ्यांत मोठा, ही त्यांची खात्री. मी म्हटलं, त्या आजारात ८८ ते ९२ हा त्यांचा नेहमीचा आकडा, बाबा आज नवे आजारी नाहीत. मग दुखणं? साखर? चौथी मुलगी गप्प होती. तिची चुलती सांगलीला थायरॉइडच्या ऑपरेशनला होती, तिच्याजवळ रात्री हीच बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, मुंग्या. गळ्यातल्या बारक्या गाठींना धक्का लागला असंल, कॅल्शिअम उतरलं असंल. घसा आवळला तर श्वास बंद." बरोबर. मग ओळखायचं कसं, म्हणून चौघीजणी एकमेकींच्या कानापुढे गालावर बोटाने टिचक्या मारून बघायला लागल्या, ओठ उडतो का म्हणून. कुणाचाच उडाला नाही, चौघींचं कॅल्शिअम ठीक. मी विचारलं, इंजेक्शन कोणतं काढाल, आणि प्रसूतिकक्षातल्या सात ट्रेंपैकी ते कोणत्या ट्रेमध्ये असतं? पहिल्या भागाचं उत्तर चौघींनी एकदम दिलं. दुसऱ्यावर वाद सुरू झाला, तेव्हा मी त्यांना वहीतल्या सातही ट्रेंच्या याद्या काढायला लावल्या.